बोटभर रबर

टायर काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. "ताई, हात फिरवून बघा," टायरवाला म्हणाला. मी तळवा नक्षीवरून आडवा फिरवला, बाहेरच्या कडेकडून आतल्या कडेकडे. काहीच लागलं नाही. "आता उलटा फिरवा." उलटा फिरवला तर हाताला करवत लागली. रबराच्या प्रत्येक ठोकळ्याची एक कड घासून उतरलेली आणि दुसरी धार लावल्यासारखी उभी. डोळ्यांना यातलं काही दिसत नव्हतं. लांबून पाहिलं तर टायर अजून वर्षभर सहज निघेल असा वाटत होता.

"हा तुमचा आवाज," तो म्हणाला.

चार महिने मी त्या आवाजाला बेअरिंग समजत होते. साठच्या पुढे काटा गेला की खालून एक घुमणारा सूर सुरू व्हायचा, आणि मी गाण्यांचा आवाज वाढवून त्यावर इलाज करत होते. खरं तर ओळखायची खूण सोपी आहे. बेअरिंग बोलत असेल तर वळणावर आवाज कमीजास्त होतो, कारण गाडीचा भार एका बाजूच्या चाकांवर सरकतो. टायर बोलत असेल तर डांबर संपून काँक्रीट लागलं की सूर बदलतो. माझा सूर बदलत होता, माझंच लक्ष नव्हतं. अलाइनमेंट बिघडलेली, चाकं जराशी तिरकी, त्यामुळे टायर सरळ न फिरता दर फेरीला थोडा थोडा फरपटत गेलेला.

त्यानं खोली मोजायचा काटा खाचेत घातला. दोन मिलिमीटरच्या जरा वर. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर खोल असते. तिच्या तळाशी मधे मधे छोटे उंचवटे दिलेले असतात, ते १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. म्हणजे हिशेबानं माझ्याकडे अजून अर्धा मिलिमीटर शिल्लक होता. पण खाचा असतात त्या चाकाखालचं पाणी बाहेर काढायला, आणि दोन मिलिमीटरची खाच भर पावसात ते काम काय करणार? शिवाय दुसऱ्या टायरच्या साइडवॉलला, म्हणजे बाजूच्या रबरी भिंतीला, अंगठ्याएवढा फुगा आलेला. कधीतरी खड्ड्यात रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबर चिमटलं, आतले धागे तुटले, आणि आता तेवढ्या जागी हवेला फक्त रबराचा पापुद्रा अडवून होता. असा टायर दुरुस्त होत नाही. टाकूनच द्यावा लागतो.

खरं सांगू का, हे टायर गेल्याचं मला वाईट वाटलं नाही. ती माझी हौस होती आणि ती फेडली आईच्या पाठीनं.

गाडी मुळात आरामाची. लांबट सेडान, जरा जड, वळणावर अंग टाकणारी, घाई करायला न आवडणारी. तिच्यावर कंपनीतून आलेले टायर होते २०५/५५ आर १६. ते झिजले तेव्हा मी नुसते टायर बदलायचे सोडून चाकंच बदलली. १७ इंची अलॉय, त्यावर २२५/४५ चे रुंद, चपटे टायर. उभी असताना गाडी फारच देखणी दिसायची. पार्किंगमध्ये लावून लिफ्टकडे जाताना मी मागे वळून तिच्याकडे बघायचे, हे कबूल करते. पहिल्याच आठवड्यात आई मागच्या सीटवर बसली. तासाभराचा प्रवास झाला. उतरताना दाराला धरून क्षणभर थांबली आणि म्हणाली, "गाडीत काय बदललंस गं? आता रस्ता कळतो."

मी हसण्यावारी नेलं. तिला चाकं दाखवली, तिनं "छान आहेत" म्हटलं. मग पुढची काही वर्षं ती गाडीत बसली की कमरेमागे उशी घ्यायची, आणि मी ते वयाच्या खात्यावर टाकत राहिले.

टायरवरच्या आकड्यांकडे मी नीट पाहिलं ते अगदी आत्ता, नवे घ्यायची वेळ आल्यावर. २०५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ ही साइडवॉलची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नव्हे, रुंदीच्या टक्क्यांत. हे न कळल्यामुळे बरेच जण फसतात. २०५ चे ५५ टक्के म्हणजे जवळजवळ ११३ मिलिमीटर. २२५ चे ४५ टक्के म्हणजे १०१. १६ आणि १७ हा रिमचा व्यास, इंचांत; रुंदी मिलिमीटरमध्ये आणि व्यास इंचांत, अशी खिचडी करायचं कुणाला सुचलं देव जाणे. गंमत अशी की चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहतो, ६३२ मिलिमीटरच्या जागी ६३४. म्हणून स्पीडोमीटर कुरकुर करत नाही आणि विकणारा छातीठोकपणे सांगू शकतो की काही फरक पडत नाही. फरक एवढाच की जिथे रबर आणि हवा होती तिथे आता धातू आला. बारा मिलिमीटर, म्हणजे जेमतेम बोटभर.

एवढ्याशानं काय बिघडतं, असं मलाही वाटायचं. आराम म्हणजे सस्पेन्शन, हे माझं पक्कं गणित होतं. ते निम्मंच खरं आहे. स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर मोठ्या हालचाली सांभाळतात: गतिरोधक, रस्त्याचा चढउतार, ब्रेक मारल्यावर पुढे झुकणं. पण पुलावरचा सांधा, गटाराच्या झाकणाची कड, डांबर उडून वर आलेली खडी, हे धक्के इतके आखूड आणि झटपट असतात की सस्पेन्शन हलायच्या आत ते येऊन गेलेले असतात. ते गिळायचं काम टायरचं. नक्षी त्या कडेभोवती वाकते, साइडवॉल दबते, आतली हवा तो धक्का पसरवून टाकते. साइडवॉल ठेंगणी केली की दबायला जागाच उरत नाही, मग धक्का तसाच वर येतो आणि माणसाला रस्ता कळतो. आईनं चार शब्दांत जे सांगितलं होतं ते समजायला मला एक फुगा आलेला टायर लागला.

त्यात माझे टायर एक्सएल होते. ही कपड्यांसारखी साइज नव्हे, 'एक्स्ट्रा लोड'. असा टायर जास्त हवेवर जास्त वजन पेलावं म्हणून कणखर बांधलेला असतो. आकड्यांच्या शेवटी ९४डब्ल्यू असं लिहिलेलं. ९४ म्हणजे एका टायरला ६७० किलो, डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतची क्षमता. जुन्यावर ९१व्ही होतं, ६१५ किलो आणि २४०. मी १०० च्या पुढे क्वचित जाते. २७० च्या ऐपतीचं रबर मी रोज ४० नं फिरवत होते.

या सगळ्या शोधाशोधीत एक गोष्ट हाती लागली आणि मी काम बाजूला ठेवून तीच वाचत बसले. हवेचा टायर जन्माला आला तो आरामासाठी. १८४५ मध्ये रॉबर्ट विल्यम टॉमसन नावाच्या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणानं त्याचं पेटंट घेतलं, घोडागाडीच्या चाकांसाठी. आत रबर लावलेल्या कापडाची नळी, बाहेर चामडं. त्यात त्यानं हेतू स्वच्छ सांगितले आहेत: गाडी ओढायला कमी ताकद लागावी, चाल सुखाची व्हावी आणि आवाज कमी व्हावा. ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला धक्के बसू नयेत म्हणून तीच गोष्ट पुन्हा शोधून काढली. शर्यती, वेग, पकड हे सगळं मागून आलं. मुळात एक बाप आणि हादरे खाणारं एक पोर.

टॉमसनची ती यादी मला टायर निवडताना फार उपयोगी पडली. कारण आजही भांडण त्याच गोष्टींचं आहे, फक्त त्यात ओल्या रस्त्यावरची पकड आणि टिकाऊपणा यांची भर पडली, आणि या सगळ्यांचं एकमेकांशी जमत नाही. रबर कडक केलं की टायर जास्त किलोमीटर चालतो आणि पावसात घसरतो. मऊ केलं की रस्ता धरून ठेवतो आणि लवकर संपतो. फिरताना रबर सतत दबतं आणि सुटतं. त्यात जी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते तिचं इंधन आपण भरतो, पण तीच वाया जाण्याची सवय पकडही देते आणि कंपनंही जिरवते. रबरात काजळीच्या जोडीला सिलिका मिसळायला लागल्यापासून हा तिढा बराच सैल झाला, तरी सुटलेला नाही. एकच टायर सगळ्यांत पहिला, असं कुणी सांगितलं तर नमस्कार करून पुढे जावं.

मापनाचे आकडे आहेत, नाही असं नाही. अमेरिकी पद्धतीच्या टायरवर 'ट्रेडवेअर' असा एक आकडा कोरलेला असतो, ३००, ४००, ६००. जितका मोठा तितका झिजायला चिवट. मागच्या वेळी मी हाच आकडा बघून खूश झाले होते. तो आकडा चाचणी घेऊन कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एका कंपनीचे ४०० आणि दुसरीचे ४०० हे तंतोतंत एकच असतील असं नाही. युरोपात टायरवर रंगीत लेबल लावतात. त्यावर इंधनाची बचत, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज. २०२१ पासून यातल्या पहिल्या दोघांची प्रतवारी ए ते ई अशी आहे. ओल्या पकडीचं अक्षर मी सगळ्यात आधी बघितलं आणि तिथे तडजोड करायची नाही हे ठरवून टाकलं. आरामाच्या गप्पा ब्रेक लागल्यानंतर.

पण आवाजाच्या डेसिबलवर मी भुलले होते. एका टायरला ६८, दुसऱ्याला ७१. तीन डेसिबल म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट, मग निवड झालीच की! नंतर कळलं, तो आवाज गाडीबाहेरचा. रस्त्याच्या कडेला माइक ठेवून, इंजिन बंद करून गाडी समोरून घरंगळू देतात आणि मोजतात. रस्त्याकाठी राहणाऱ्यासाठी तो आकडा मोलाचा. मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला काय ऐकू येतं ते त्यात नाही. आणि 'चाल सुखाची व्हावी' या टॉमसनच्या दुसऱ्या हेतूला तर कुठल्याच लेबलवर जागा नाही. ते आपलं आपण ताडायचं.

आतल्या आवाजाचे प्रकारही वेगळे. एक नक्षीचा. ठोकळे रस्त्यावर एकामागून एक आपटतात; सगळे एकाच मापाचे असते तर टायर भोंग्यासारखा एकाच सुरात वाजला असता. म्हणून चांगल्या टायरवर ठोकळ्यांची लांबी मुद्दाम कमीजास्त ठेवलेली असते. नव्या टायरच्या घेरावरून हळूहळू बोट फिरवलं तर ते जाणवतं, आखूड, लांब, मध्यम, पुन्हा आखूड. दुसरा आवाज टायरच्या पोटातला. आतल्या गोल पोकळीत हवा साधारण २०० ते २५० हर्ट्झला घुमते, आणि सांध्यावरून गाडी गेली की धप्प न होता टंग्ग असा जो नाद येतो तो तिचा. काही टायरांना आतून फोमचा पट्टा चिकटवतात तो याच नादासाठी. मला तो मोह झाला होता. पण पंक्चर काढायचं तर तेवढ्या जागेवरचा फोम सोडवावा लागतो, आणि ते कटकटीचं काम रस्त्यावरच्या प्रत्येक पंक्चरवाल्याकडे होईल याचा मला भरवसा नव्हता. सोडून दिला.

एव्हाना ओळखीच्या सगळ्यांनी आपापला ब्रँड सुचवून झाला होता. टायरचा विषय काढला की लोक डॉक्टर सुचवावा तसा ब्रँड सुचवतात, आपल्याला गुण आला एवढ्या पुंजीवर. पण आधी ब्रँड ठरवायचाच नव्हता. आधी माप. माळ्यावर जुनी १६ इंची चाकं गोणपाटात बांधून ठेवलेली होती. ती खाली काढली, धूळ झटकली, रिमच्या कडा बोटांनी चाचपून पाहिल्या. कुठे वाकलेली नव्हती. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर हेच माप लिहिलेलं, आणि ज्यांनी गाडी बांधली त्यांनी तिची स्प्रिंगं याच उंचीच्या साइडवॉलवर जुळवलेली. ही जुळणी किती नाजूक असते याचा एक जुना दाखला आहे. मिशलिन या फ्रेंच कंपनीनं १९४६ मध्ये रेडियल टायरचं (मापातला 'आर' तो हाच) पेटंट घेतलं. तो जुन्या टायरपेक्षा सरस होता, तरी जुन्या पद्धतीच्या टायरांसाठी जुळवलेल्या गाड्यांवर तो चढवला की कमी वेगात आदळायचा, कारण नक्षीखाली त्याचा पट्टा कडक असतो. मग गाड्यांची सस्पेन्शनं रेडियलसाठी नव्यानं जुळवावी लागली. नुसता चांगला टायर असून भागत नाही, तो त्या गाडीचा असावा लागतो.

तेव्हा ठरलं: २०५/५५ आर १६, ९१व्ही, एक्सएल नको, खेळकर नक्षी नको, लांबच्या प्रवासाला करतात तो 'टूरिंग' जातीचा टायर. पंक्चर होऊनही धावणारे रनफ्लॅटही नकोत. त्यांची साइडवॉल हवेशिवाय गाडीचं वजन पेलावं म्हणून इतकी ताठ असते की आराम तिथेच संपतो. या चाळणीतून तीनच नावं उरली. त्यातून ओल्या पकडीचं अक्षर वरचं असलेला घेतला. तिघांतला सगळ्यात टिकाऊ तो नव्हता. दोन वर्षं आधी बदलावा लागला तर लागला.

टायरवाल्यानं मात्र शेवटचा डाव टाकला. "ताई, स्टेपनी कोरी करकरीत आहे. त्याच मापाची. तीनच घ्या." डिकीतून त्यानं ती काढून दाखवली. खरंच, एकदाही रस्त्याला न लागलेली, नक्षीवर साच्यातले रबरी केसही तसेच. (ते केस टायर घडवताना साच्यातली हवा बाहेर जायला ठेवलेल्या भोकांतून आलेलं रबर असतं. नवेपणाची खूण, बाकी काही नाही.) मी खाली बसून साइडवॉलवरचा लंबगोल शोधला. त्यात चार आकडे: ३२१४. म्हणजे २०१४ सालचा बत्तिसावा आठवडा. रबर न वापरताही म्हातारं होतं, हवेतला ओझोन त्याला भेगा पाडतो, आतून ते कडक होत जातं. नक्षी कितीही शाबूत असली तरी दहा वर्षांनंतर टायर काढून टाका असं कित्येक उत्पादकच सांगतात. बोटानं साइडवॉल जरा ताणली तर केसासारख्या बारीक रेघा उघडल्या. मी त्याला दाखवल्या. तो हसला. "तुम्ही बघून आलाय," म्हणाला, आणि मग त्यानं नव्या चारांची तारीख मी न विचारताच उजेडात धरून दाखवली.

टायर चढले, व्हॉल्व्ह नवे बसले, बॅलन्सिंगची शिशं रिमला चिकटली, अलाइनमेंट झाली. मी मोठ्या आशेनं गाडी बाहेर काढली, आणि पहिल्याच सांध्यावर धाडकन आवाज आला. दुसऱ्यावरही. घरी येईपर्यंत माझा चेहरा उतरला होता. एवढं वाचन, एवढी चाळणी, माळ्यावरची धूळ, आणि हाती काय, तर तेच.

रात्री झोपेत कधीतरी डोक्यात प्रकाश पडला. सकाळी गाडी हलवायच्या आधी, टायर थंड असताना, हवा मोजली. ४२ पीएसआय. दाराच्या खांबावर लिहिलेलं ३२. टायर रिमवर नीट बसावा म्हणून चढवताना जास्त हवा मारतात आणि मग ती उतरवायची राहून जाते. माझी राहिली होती, आणि तपासायचं मीही विसरले होते. व्हॉल्व्हच्या पिनेवर नख दाबून, सूं-सूं करत, दर वेळी मोजत, चारही चाकं ३२ वर आणली. वीस मिनिटं उकिडवी बसले होते. मधेच साइडवॉलला अंगठा रोवून पाहिला. उभ्या गाडीच्या टायरवर अंगठ्यानं काही कळत नाही, पण खालच्या बाजूला, जिथे तो रस्त्याला टेकतो तिथे, साइडवॉलला किंचित पोट सुटलं होतं. आदल्या दिवशी ते नव्हतं.

त्यानंतरचे काही दिवस मी मुद्दाम हळू चालवलं. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटायला लावलेल्या पदार्थाचा थर राहिलेला असतो, तो जाईपर्यंत पकड पुरती येत नाही. वळणावर गाडी आता पूर्वीसारखी जरा अंग टाकते, स्टिअरिंगला उत्तर द्यायला क्षणभर उशीर करते. चपट्या टायरांवर ती चटकन वळायची, ते गेलं. मला त्याची चुटपुट लागेल असं वाटलं होतं. दोन दिवस लागलीही.

रविवारी आईला घेऊन निघाले, त्याच तासाभराच्या रस्त्यानं. मी आरशात बघत होते. पुलावरचे सांधे आले, गेले. खालून नुसतं टप्प-टप्प ऐकू आलं, गादीवर बोट मारावं तसं. उशी तिच्या शेजारी पडून होती, कमरेमागे नव्हती. ती बहिणीच्या मुलीबद्दल काहीतरी सांगत होती आणि मी अर्धवट ऐकत वाट बघत होते, आता म्हणेल, मग म्हणेल. पोचलो. ती उतरली, दार लावलं, पदर सारखा केला आणि चार पावलं गेल्यावर वळून म्हणाली,

"अगं, ते टायर बदलायचे म्हणत होतीस ना? त्याचं काय झालं?"